२ टीबीची डिस्क १.८१ टीबी का दिसते, आणि जीबी-टीबीचा हिशोब नक्की लावायचा कसा

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. लग्नाचं शूटिंग ठेवायला तू २ टीबीची एक्स्टर्नल हार्डडिस्क घेतलीस, लॅपटॉपला लावली तर विंडोज १.८१ टीबी दाखवतंय, दुकानदार म्हणतोय "फॉरमॅटमध्ये तेवढं जातंच", आणि एडिटिंग करणाऱ्या मित्राच्या मॅकला लावली तर तिथं बरोबर २ टीबी दिसतंय. मग १९० जीबी गेलं कुठं, डिस्क परत करावी का, आणि तुझ्या ६४ जीबीच्या कार्डांपैकी किती कार्डं तिच्यात मावतील.

काका म्हणून विचारलंस म्हणून तू म्हणतोय. काही गेलेलं नाही. एक बाइटसुद्धा नाही. डिस्क परत करू नकोस.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत बावीस वर्षं कॉम्प्युटर रिपेरी आणि डेटा रिकव्हरीचं काम करतोय आणि हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी काउंटरवर येतोच. त्याला "फॉरमॅटमध्ये जातं" हे जे उत्तर मिळतं ते चुकीचं आहे, आणि मला ते मनापासून खटकतं, कारण ज्याला ते पटतं तो माणूस पुढच्या वेळी हिशोबच करत नाही, त्याला वाटतं हे असंच अंदाजे असतं. फॉरमॅट केल्यावर फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल कुठं ठेवलीय याची नोंदवही, थोडी जागा घेते हे खरं आहे, पण ती काही शे एमबीची गोष्ट आहे, एवढ्या मोठ्या डिस्कवर ती नजरेतही भरत नाही. १९० जीबी फॉरमॅट खात नाही.

आता आपल्याकडचंच उदाहरण घे. आमची गगनबावडा रोडला थोडी जमीन आहे. वडील आयुष्यभर "दोन एकर" म्हणत आले, ऐंशी गुंठे. सातबाऱ्यावर लिहिलंय ०.८१ हेक्टर, म्हणजे ८१ आर. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, तो येतो १०१.१७ चौरस मीटर, आणि एक आर म्हणजे सरळ १०० चौरस मीटर. म्हणून ऐंशी गुंठ्यांचे ८०.९४ आर होतात आणि कागदावर ८१ लागतात. जमीन तीच, बांध तिथंच, फक्त मापाची पट्टी वेगळी. इथं कुणी म्हणत नाही की तलाठ्यानं एक गुंठा वाढवून दिला.

डिस्कचं हेच आहे, पण एक वाईट फरक आहे. गुंठा आणि आर ही नावं तरी वेगळी आहेत. डिस्कच्या बाबतीत दोन वेगळ्या मापांना एकच नाव आहे. पेटीवरचा टीबी वेगळा, विंडोजचा टीबी वेगळा, आणि दोघंही "टीबी"च लिहितात. समज, हेक्टरलाही एकरच म्हणायचं असं कुणी ठरवलं असतं तर भावकीत काय झालं असतं! सगळा घोळ एवढाच आहे.

पेटीवरचा टेरा आपल्या आकड्यांत सांगायला एकदम सोपा आहे. किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी, टेरा म्हणजे एक लाख कोटी. २ टीबी म्हणजे दोन लाख कोटी बाइट, बाइट म्हणजे साधारण एका इंग्रजी अक्षराएवढी जागा. हे कंपनी पेटीवर बारीक अक्षरात छापतेसुद्धा, एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट अशा अर्थाची ओळ मागं कुठंतरी असते, बघ. विंडोज मात्र प्रत्येक पायरीला हजारनं नाही, एक हजार चोवीसनं भागतं. त्याचा किलो १०२४, मेगा १०,४८,५७६, गिगा १,०७,३७,४१,८२४ आणि टेरा १०,९९,५१,१६,२७,७७६ बाइटांचा. माप मोठं, म्हणून आकडा लहान.

आता तुझी डिस्क घेऊन मोजू. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक २ टीबी डिस्कवर ३,९०,७०,२९,१६८ सेक्टर, म्हणजे एकसारखे छोटे कप्पे, असतात, प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटांचा, गुणाकार केला की २०,००,३९,८९,३४,०१६ बाइट. म्हणजे कंपनीनं दोन लाख कोटी सांगून वर चाळीसेक कोटी जास्तच दिलेत. याला विंडोजच्या टेरानं भाग, उत्तर येतं १.८१९. आता तू म्हणशील मग १.८२ दिसायला पाहिजे, १.८१ का दिसतं, तर विंडोज इथं जवळचा आकडा धरत नाही, दोन घरांनंतर सरळ कापून टाकतं. लई जणांचा हिशोब या शेवटच्या घरावरून चुकतो आणि मग त्यांना वाटतं की अजून काहीतरी गायब आहे.

तुझ्या लॅपटॉपवर आत्ता बघता येईल. माय कॉम्प्युटरमध्ये, नव्या विंडोजवर धिस पीसीमध्ये, डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघड. कपॅसिटीच्या ओळीत दोन आकडे दिसतील, उजवीकडं १.८१ टीबी आणि त्याच्या आधी एक लांबलचक आकडा, तो बाइटचा. तो खरा. उजवीकडचा आकडा बोलण्यापुरता आहे. माझ्या दुकानात कुठलीही डिस्क आली की मी पहिल्यांदा तो लांब आकडा कागदावर लिहून घेतो, मग पुढचं काम. कन्व्हर्जनची सगळी पद्धत यातच आली बघ, एका युनिटातून दुसऱ्या युनिटात उडी मारायची नाही, मध्ये बाइटवर उतरायचं. ज्यानं माप सांगितलंय त्याच्या पट्टीनं गुणून बाइट काढायचे, ज्याच्या पट्टीत पाहिजे त्याच्या पट्टीनं भागायचं. केबीला एक घात, एमबीला दोन, जीबीला तीन, टीबीला चार. एक्सेलमध्ये १००० चा चौथा घात भागिले १०२४ चा चौथा घात टाक, ०.९०९५ येईल, म्हणजे पेटीवरच्या टीबीला ०.९०९५ नं गुणलं की विंडोजचा टीबी. जीबीसाठी तिसरा घात, ०.९३१३.

१०२४ आलं कुठून हेही सांगतो, कारण त्याशिवाय हे पाठांतर होतं आणि विसरतं. मेमरी, म्हणजे रॅम, तिच्यात प्रत्येक घराला पत्ता लागतो आणि तो पत्ता तारांवरून जातो, प्रत्येक तार एकतर चालू नाहीतर बंद. एक तार असली तर दोन घरं, दोन तारा असल्या तर चार, तीन असल्या तर आठ, असं दुप्पट करत दहाव्या तारेला १०२४ घरं होतात. रॅमची चिप करणाऱ्याला हजार घरांची चिप करायची म्हटलं तरी ते आडमाप पडतं, १०२४ आपोआप पडतं. हजारच्या इतकं जवळ आहे म्हणून जुन्या इंजिनियर लोकांनी त्यालाच के म्हणायला सुरुवात केली. त्या काळात काही के मेमरी असायची, चोवीसचा फरक कुणाला जाणवत नव्हता.

डिस्कला ही अडचण कधीच नव्हती. ती फिरणारी तबकडी, तिच्यावर ट्रॅक किती आणि सेक्टर किती हे जसं बसेल तसं. आयबीएमनं १९५६ साली पहिली डिस्क काढली, पन्नास तबकड्यांची, तिची क्षमता सांगितली होती पन्नास लाख अक्षरं, सरळ दशमान आकडा. म्हणजे डिस्कवाल्यांनी नंतर चलाखी करून माप लहान केलं असं लोक समजतात तसं नाही, त्यांची पट्टी मुळापासून दहाचीच आहे. नेटवर्कवाल्यांचीही दहाचीच. दोनाची, म्हणजे १०२४ ची, पट्टी रॅमची, आणि रॅमबरोबर ती ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आली आणि तिथून डिस्कच्या आकड्यावर बसली. त्यातून गंमत बघ, तुझ्या मोबाइलच्या पेटीवर "८ जीबी + १२८ जीबी" लिहिलेलं असतं ना, त्यातला पहिला जीबी रॅमचा, दोनाच्या पट्टीतला, दुसरा जीबी स्टोरेजचा, दहाच्या पट्टीतला. एका ओळीत, एका नावानं, दोन मापं.

आणि हा फरक पतसंस्थेच्या चक्रवाढ व्याजासारखा वाढतो, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गुंठा आणि आर यांच्यातला फरक दहा गुंठ्यांना जेवढे टक्के तेवढाच शंभर एकरांना. इथं तसं नाही. किलोला २.४ टक्के. मेगाला त्यावर परत २.४, म्हणजे ४.८६. गिगाला ७.३७. टेराला ९.९५, जवळजवळ दहा टक्के, आणि पेटाला, म्हणजे टेराच्या पुढच्या पायरीला, साडेबारा टक्क्यांच्या वर. म्हणून फ्लॉपीच्या जमान्यात कुणी भांडलं नाही आणि आता २ टीबी घेतल्यावर दुकानदाराच्या तोंडाकडं बघायची वेळ येते. आणखी एक, वर जाताना दहा टक्के वाढतं पण खाली येताना नऊ टक्के कमी होतं, दोन्हीकडं दहा धरलंस तर चुकशील. विंडोजचा आकडा पेटीच्या मापात न्यायचा तर जवळजवळ दहा टक्के वाढव, पेटीचा आकडा विंडोजच्या मापात न्यायचा तर नऊ टक्के कमी कर. जीबीत हेच वर जाताना सव्वासात-साडेसात आणि खाली येताना सात.

हे नुसतं पुस्तकी नाही. उद्यमनगरात डायची ड्रॉइंग करणारा एक माणूस माझ्याकडं आला होता. जुनी ५०० जीबीची डिस्क टक टक आवाज करायला लागलेली, विंडोजवर ती ४६५ जीबी दिसायची, त्यातलं ४५० भरलेलं. त्यानं स्वतःच ऑनलाइन ४८० जीबीची एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवाली डिस्क, मागवली, हिशोब सरळ, ४५० चा डेटा, ४८० ची डिस्क, तीस शिल्लक. रात्री कॉपी लावून झोपला. सकाळी बघतो तर जागा संपल्याचा मेसेज. त्याचे ४५० विंडोजचे जीबी होते, १,०७,३७,४१,८२४ नं गुण, ४,८३,१८,३८,२०,८०० बाइट होतात. एसएसडीवर एकूण बाइट ४,८०,१०,३९,८१,०५६. तीनशेआठ कोटी बाइट कमी पडले, साधारण तीन जीबी. एसएसडी आधी लावून बघितली असती तर विंडोजनं ४४७ दाखवलं असतं आणि ४५० चा डेटा त्यात बसत नाही हे लहान पोराला पण कळलं असतं, पण पेटीवर ४८० वाचून त्यानं बघितलंच नाही.

एरवी एवढ्यानं काही बिघडत नाही, मोठी डिस्क आणायची आणि परत कॉपी करायची. पण मरायला टेकलेली डिस्क जवळजवळ पूर्ण एकदा वाचून झाली होती आणि परत चालू केल्यावर ती ओळखलीच जाईना. माझ्याकडं आणली तेव्हा हेड, म्हणजे तबकडी वाचणारा भाग, गेलेलं. राहिलेल्या तीन जीबीत नेमकी शेवटच्या फोल्डरची चालू ऑर्डरची ड्रॉइंग होती. त्यातली थोडी ईमेलच्या अटॅचमेंटमधून सापडली, बाकी त्यानं परत काढली, पंधरा दिवस बसून. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की दोन आकडे शेजारी ठेवायच्या आधी दोन्ही एकाच पट्टीतले आहेत का बघ. एका आकड्याचा जन्म पेटीवर आणि दुसऱ्याचा विंडोजमध्ये असेल तर त्यांची वजाबाकी करायची नाही.

डिस्क क्लोन करताना, म्हणजे तिची जशीच्या तशी नक्कल काढतानाही हेच. "दोन्ही एक टीबीच्या आहेत" म्हणून चालत नाही, नवीन डिस्कवर एक सेक्टर जरी कमी असला तरी सरळ क्लोन नाही म्हणतो. ५०० वरून ४८० वर, १ टीबीवरून ९६० वर हे असंच अडतं. सेक्टरचा आकडा मोज, नाहीतर बाइटचा.

आता नावांचं. हा घोळ जगाला कळलेला आहे, मिटवायचा प्रयत्नही झाला. आयईसी म्हणून आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिनं १९९८ च्या शेवटी दोनाच्या पट्टीला वेगळी नावं मंजूर केली, किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट, टेबीबाइट. त्यातला "बी" बायनरीचा. लिनक्स वापरणाऱ्यांना ही नावं ठिकठिकाणी दिसतात, मोठ्या जी आणि बी यांच्या मध्ये बारीक आय असतो तो गिबीबाइट. कोल्हापुरात दुकानात जाऊन "दोन टेबीबाइट द्या" म्हटलंस तर कुणाला कळायचं नाही, पण लिहिताना ही नावं वापरायची सवय मी पोरांना लावलीय, कारण कोटेशनमध्ये एकदा लिहिलं की वाद होत नाही. ॲपलनं दुसरा रस्ता धरला, २००९ च्या स्नो लेपर्डपासून मॅकवर दहाचीच पट्टी आणली, पेटीवर जे लिहिलंय तेच स्क्रीनवर. म्हणून तुझ्या मित्राला २ टीबी दिसलं. विंडोजनं पट्टी दोनाची ठेवली आणि नाव दहाचं ठेवलं. मला विचारशील तर दोनाची पट्टी वापरण्यात काही चूक नाही, पण मग शेजारी नाव तरी खरं लिहायला पाहिजे होतं, एवढा एक आय लिहिला असता तर माझ्या काउंटरवरची निम्मी भांडणं झालीच नसती.

जुन्या फ्लॉपीचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. १.४४ एमबीची फ्लॉपी आम्ही डब्याच्या डबे वापरल्या. दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, ट्रॅकला १८ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट, गुणाकार १४,७४,५६०. दहाच्या पट्टीत हे १.४७ एमबी, दोनाच्या पट्टीत १.४१. मग १.४४ कुठून आलं? १४४० किलोबाइट, त्यातला किलो १०२४ चा, आणि ते १४४० मेगात नेताना भागलं १००० नं. अर्धी पट्टी ही, अर्धी ती. म्हणजे पेटीवर छापलेलं माप दोन्हीकडून खोटं. सीडीवर ७०० एमबी लिहायचे ते दोनाच्या पट्टीत, डीव्हीडीवर ४.७ जीबी ते दहाच्या, म्हणून डीव्हीडी रायटरमध्ये टाकल्यावर ४.३७ च दिसायचे आणि लग्नाची कॅसेट डीव्हीडीवर घेणाऱ्यांची शेवटची पाच मिनिटं मागं राहायची.

तुझ्या कामातली एक गोष्ट आहे जी तू रोज बघतोस पण कदाचित लक्षात आली नसेल. लांब रेकॉर्डिंगच्या क्लिपा काही कॅमेरे मधेच तोडतात, आणि विंडोजवर त्या क्लिपा ३.९९ जीबीच्या आसपास दिसतात. मित्राच्या मॅकवर तीच क्लिप ४.२९ च्या आसपास दिसेल. ते फॅट ३२ या कार्डावरच्या फाइल सिस्टीमचं बंधन आहे, फाइलची लांबी लिहायला त्यात ३२ बिटची जागा, म्हणून एका फाइलचे जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइट. क्लिप तीच, पट्ट्या दोन. एकदा असं झालं होतं की एका एडिटरनं मॅकवरून पाठवलेल्या फायली आणि इकडं विंडोजवर आलेल्या फायली यांचे जीबी जुळेनात म्हणून सगळं परत पाठवायला लावलं, रात्रभर नेट चालू. दोन्हीकडचा बाइटचा आकडा मोबाइलवर फोटो काढून पाठवला असता तर दोन मिनिटात मिटलं असतं.

नेटचा विषय निघालाच आहे तर बिट आणि बाइट. इथं फरक दहा टक्क्यांचा नाही, आठ पटीचा आहे. नेटचा स्पीड बिटमध्ये असतो, इंग्रजीत लिहिताना बारीक बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट, आठ बिटांचा एक बाइट. १०० एमबीपीएसचं कनेक्शन म्हणजे सेकंदाला दहा कोटी बिट, आठनं भाग, सव्वा कोटी बाइट, १२.५ एमबी. विंडोजच्या पट्टीत ११.९ दिसेल. ५० जीबीचं लग्न या लाइननं पाठवायचं तर ४००० सेकंद, एक तास सात मिनिटं, आणि तो ५० जर विंडोजवर वाचलेला असेल तर ५३.६९ धर, एक तास बारा मिनिटं. हे कागदावरचं. अपलोडचा स्पीड डाउनलोडएवढाच आहे का ते आधी बघ, आणि वर दहा टक्के तरी वेळ जास्त धरायचा.

सीसीटीव्हीवाल्यांना हे दोन्ही एकदम लागतं. गुजरीतल्या एका सराफाला आठ कॅमेऱ्यांचं तीस दिवसांचं रेकॉर्डिंग पाहिजे होतं. डीव्हीआरवर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रावर, प्रत्येक कॅमेरा २०४८ केबीपीएसला लावलेला. २०४८ हा आकडा दोनाच्या पट्टीतला दिसतो पण स्पीडमधला किलो हजारचाच असतो, म्हणून सेकंदाला २०,४८,००० बिट, म्हणजे २,५६,००० बाइट, दिवसाचे ८६,४०० सेकंद, एका कॅमेऱ्याला दिवसाला २२.१२ जीबी. आठ कॅमेऱ्यांना १७७. तीस दिवसांना ५.३१ टीबी, पेटीवरच्या पट्टीत. याचं १०२४ च्या पट्टीत ४.८३ येतं, आणि तिथंच माणूस फसतो, पाच टीबीत भागेल म्हणतो, पण पेटीवरच्या पाच टीबीत २८ दिवसच बसतात. सहाची डिस्क टाकली, तेहतीस दिवस निघतात. ४ टीबी टाकली असती तर साडेबावीस. डीव्हीआर त्या ४ टीबीला ३.६३ दाखवतो, पण म्हणून दिवस कमी होत नाहीत, बाइट तेवढेच आहेत.

पेनड्राइव्हबद्दल एक सावधगिरी. मी वर म्हटलं की कमी दिसणं ही फसवणूक नाही, पण खरी फसवणूक पण बाजारात आहे आणि ती बरोबर उलटी दिसते. पाचसहाशे रुपयांत मिळणारा "२ टीबीचा" पेनड्राइव्ह विंडोजवर छान भरगच्च आकडा दाखवतो, कारण त्याच्या आतल्या कंट्रोलरलाच खोटं बोलायला शिकवलेलं असतं. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते, तेवढं भरलं की पुढचा डेटा मागच्यावर लिहिला जातो नाहीतर हवेत जातो, नावं दिसतात पण फाइल उघडत नाही. तिथं आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, पूर्ण भरून परत वाचून बघायचं. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर हेच काम करतं. ते रिकाम्या ड्राइव्हवर चालव, वेळ लागतो, चालू ठेवून जेवून ये. तुझी डिस्क नवीन आहे तर तिच्यावर शूटिंग टाकायच्या आधी एकदा पूर्ण भरून वाचायला हरकत नाही, खराब सेक्टर असतील तर तेही तिथंच कळतील.

आता तुझा कार्डांचा प्रश्न. ६४ जीबीचं कार्ड पेटीवरच्या मापात ६४, विंडोजवर ५९.६ च्या आसपास. तुझी डिस्क पेटीवर २०००, विंडोजवर १८६३ जीबी. दोन्ही पेटीचे आकडे घे, २००० भागिले ६४, ३१ कार्डं. दोन्ही विंडोजचे घे, १८६३ भागिले ५९.६, परत ३१. जुळलं. आता मिसळून बघ. विंडोजचे १८६३ भागिले पेटीचे ६४ केलंस तर २९ येतात, यात नुकसान नाही, दोन कार्डांची जागा वाया धरलीस एवढंच. पण पेटीचे २००० भागिले विंडोजचे ५९.६ केलंस तर ३३ येतात, आणि ३२ वं कार्ड लावल्यावर रात्री एक वाजता डिस्क भरल्याचा मेसेज येईल, सकाळी दुसऱ्या लग्नाची ऑर्डर आहे आणि तुला ते कार्ड फॉरमॅट मारायचंय. मी अशा कार्डांची रिकव्हरी केलीय, पोरगं घाईत फॉरमॅट मारतं, वर नवीन शूट होतं, मग हळदीचा कार्यक्रम कुठल्या कुठं.

काठोकाठ भरू नकोस, डिस्क गच्च भरली की कॉपी पण हळू होते आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला तात्पुरत्या फायलींना जागा राहत नाही. २८ कार्डांवर थांब. डिस्कच्या अंगावर पांढरी पट्टी चिकटवून मार्करनं प्रॉपर्टीजमधला बाइटचा पूर्ण आकडा आणि घेतल्याची तारीख लिही. आणि तेवढ्याच बाइटांची, नुसती "२ टीबी" नाही, तेवढ्याच किंवा जास्त बाइटांची दुसरी डिस्क कॉपीसाठी घे, घेताना दुकानातच लावून तो लांब आकडा बघ आणि मगच पैसे दे.